बिनटोकाचा मफलर

मी एक जुनी किटली आहे. हसू नका मित्रांनो, माझं डोकं आधीच फिरलेलं आहे. ज्या तोटीतून मी वरोऱ्याच्या बसस्टँडसमोर वर्षानुवर्षं चहा ओतला, त्या तोटीतून आता लोकर येते. त्याचंही मला काही नाही. माझा वैताग वेगळाच आहे, तो सांगते.

वामनरावांनी मला चंद्रपूरच्या बाजारातून निवडून आणलं. टिचक्या मारून, तोटीला डोळा लावून, दुकानदाराचं डोकं खाऊन. काय दिवस होते ते! नागपूरची बस थांबली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत माझं झाकण वाजू लागे. चहा कडक आणि माझी धार बारीक, थेंब म्हणून बाहेर सांडत नसे. लोक तोंडभरून वाखाणत. पुढे वामनरावांचे गुडघे गेले, टपरी बंद झाली आणि मला सज्ज्यावर टाकलं. तिथे माझ्या पोटात पाल राहायला आली. पाल!

तिथून मला सरिताने काढलं. सरिता म्हणजे वामनरावांची सून. तिने मला सोड्याने घासलं, उन्हात वाळवलं, पोटात लोकरीचा गुंडा ठेवला आणि त्याचं टोक तोटीतून बाहेर ओढलं. गुंडा घरभर गडगडत नाही, लोकरीला धूळ लागत नाही. डोकं आहे बाईला, मी नाही म्हणत नाही. पण ह्या घरात शिस्तीच्या नावाने नुसता आनंद आहे.

गुंड्याच्या जोडीला माझ्यात काय काय असतं, ऐका. शर्टाची बटणं, सेफ्टी पिना, तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, चार्जरची वायर आणि वामनरावांची सुपारी. सुया तर कुणीही उचलतं. एकीने पायजम्यात नाडा घालतात, दुसरीने वामनराव पाठ खाजवतात. विणायला बसायचं तर सरिता आधी घरभर फिरते, मग मला उपडी करून ठणाठण ठोकते. वस्तू हरवणारे मजेत आणि मार मी खायचा. काऊन बापा, माझं काय चुकलं?

आता ह्या हिवाळ्याचं ऐका. सरिताचा मुलगा संघपाल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. भल्या पहाटे मोटरसायकलवर जातो आणि दिवसभर रुईची धूळ नाकातोंडात जाते. म्हणून सरिताने त्याला मफलर विणून दिला होता. निळा, मानेला दोन वेढे देऊनही पोटापर्यंत येणारा, दोन्ही टोकांना गोंडे. फार हौसेने विणला होता तिने.

एका शनिवारी संघपाल घरी आला तो मानेवर लाल वळ घेऊन. मफलरचं टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं. सोबतच्या चंदनने धावत जाऊन बटण बंद केलं, म्हणून पोरगा वाचला. आणि हा शहाणा काय म्हणतो, तर काही झालं नाही, सोमवारपासून टोकं शर्टात खोचतो! मुकादम मफलर नको म्हणतो, पण मफलर नसला की धुळीने ह्याचा गळा धरतो. गळ्याला काहीतरी लागतंच. मला त्याला तोटीने बदडावंसं वाटलं.

सरिता ओरडली नाही. मफलर मांडीवर घेऊन ती गोंड्यांकडे बघत बसली. मग वामनरावांना म्हणाली, "मामाजी, एवढा लांब मीच त विणला होता."



रविवारी जिनिंग बंद. संघपाल उठायच्या आत तिने तो मफलर सरळ उसवला. त्याच लोकरीचा आता गोल मफलर करायचा होता. डोक्यातून घालायचा, कॉलरमध्ये बसवायचा, टोक म्हणून कुठे नाही. पण तो आजच व्हायला हवा होता. नाहीतर सोमवारी पोरगा आजोबांचा लांब दुपट्टा गळ्यात गुंडाळून त्याच पट्ट्यापाशी उभा राहिला असता.

आणि गोल सुई सापडेना! दोन टोकं आणि मध्ये प्लॅस्टिकची दोरी असलेली ती सुई घरात एकच. गादीखाली नाही, देवळीत नाही, माझ्या पोटात तर नाहीच. शेवटी सुई मोरीपाशी सापडली. संघपालने त्या सुईने मोरीची जाळी मोकळी केली होती. ज्याच्या मानेसाठी हा सगळा आटापिटा, त्यानेच! अर्धी सकाळ गेली.

सरिता रागातच विणायला बसली. तिने भराभर टाके घातले आणि घाईतच गोल जोडला. मला दिसलं हो! जोडताना सगळ्या टाक्यांची खालची कड एकाच बाजूला हवी. एका जागी ती सुईभोवती फिरली होती. मला ओरडायला तोंड आहे, पण त्यात लोकर भरलेली.

दुपारी शेजारच्या सुगंधाबाई आल्या. तोवर चार बोटं विणून झालं होतं. त्यांनी ते हातात घेऊन फिरवलं. "सरिता, याले पीळ पडला न वं. आता हा सरळ नाई होत."

राहू दे, पीळ कोण पाहतो, असं वामनराव म्हणाले. चालते, असं संघपालही म्हणाला. सरिताने ते विणकाम त्याच्या मानेला लावून पाहिलं. पिळापाशी ते मानेपासून सुटून वर आलं होतं. तिने त्या फटीत बोट घातलं आणि ओढलं. संघपालची मान खाली आली.

"इथीच पट्ट्याले धरायले जागा राह्यली," ती म्हणाली आणि तिने सुई काढून घेतली.

सगळं उसवून लोकर परत माझ्या पोटात. ओढायला गेली तर लोकर तोटीत अडकली. आत बटण! तेव्हा मात्र सरिताचा तोल गेला. मला अंगणात उपडी करून तिने सगळ्यांना बोलावलं, आपापलं उचला म्हणाली, आणि यापुढे हिच्यात लोकरीशिवाय काही दिसलं तर चुलीत घालीन म्हणाली. सुया एका जुन्या कापडात गुंडाळल्या. गोल सुईला भिंतीवर खिळा मिळाला. बटणं डबीत गेली. तोटीतलं बटण वामनरावांनी तारेने काढलं, तेही मुकाट्याने. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

मग नवे टाके घालून ते खाटेवर सपाट मांडले, सुगंधाबाईंनी कड धरली आणि सरिताने गोल जोडला. रात्रीच्या जेवणापर्यंत मफलर झाला.

सोमवारी संघपालने तोंड वाकडं केलं, हे बायकांचं दिसते म्हणाला. सरिताने तो त्याच्या डोक्यातून घातला आणि कॉलरमध्ये नीट दाबला. मग दिवसभर तिने सुईला हात लावला नाही. रस्त्यावर गाडी वाजली की दारात जायची आणि परत यायची. मीही घाबरले होते.

संध्याकाळी तो आला. ती एवढंच म्हणाली, "मान दाखव."

तो वाकला. तिने कॉलर खाली करून मानेभोवती बोट फिरवलं. रुईच्या धुळीशिवाय काही नव्हतं. मग ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी विणत असेल तर त्यांची सुई उचलू नका, उचललीच तर जागेवर ठेवा. तुम्हाला ती साधी काडी वाटते. ती शोधण्यात एका बाईची अर्धी सकाळ जाते, आणि कधी कधी तिच्याकडे तेवढा एकच दिवस असतो.