पडद्यावरचा गुलाल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच कोपऱ्यात तडकलेली, पोट थोडं फुगलेलं. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते जिंतूरच्या एका दुकानात. राजेश्रीताईने बचत गटाच्या कामासाठी मला घेतलं आणि येलदरीजवळच्या आपल्या गावी आणलं. गटाच्या मसाल्यांचे फोटो काढावेत, गिऱ्हाइकांना पाठवावेत, एवढंच माझं काम.

मग ताई सरपंचपदाला उभी राहिली आणि माझे दिवस पालटले. रोज तिचं बोलणं मी टिपायचो, सगळ्यांना पाठवायचो, आणि खाली लाल बदामांची रास पडायची. 'ताई, गुलाल आपलाच,' असं लोक लिहायचे. ताई मला पदराने पुसायची. मलाही वाटायचं, ही निवडणूक मीच जिंकून देणार.

निकाल लागला आणि ताई पडली, तीही दणकून.

हार तिने सोसली असती. पण दगा झाल्याचा संशय तिला सोसवेना. इतके बदाम आले, मग मतं गेली कुठे? तिचा संशय मागच्या गल्लीतल्या मालनकाकूंवर गेला. काकू मोबाइलवरच्या गटात होत्या, पण त्यांनी एकदाही बदाम दिला नव्हता. ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बचत गटाची बैठकही बंद पडली, आणि मी फळीवर पालथा पडून राहिलो.

दिवाळीला ताईची भाची योगिनी परभणीहून आली. कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी, भारी चौकस. तिने माझ्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "मावशी, हे बदाम देणारे राहतात कुठं?"

मग दोघी एकेक नाव घेऊन बसल्या. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी भलत्याच जिल्ह्यातला. गावात मत असलेले थोडेच, तेही बहुतेक एकाच आळीतले तरुण. बाया तर जवळजवळ नाहीतच. हे सगळं माझ्याच पोटात होतं, पण मला कधी उमगलं नव्हतं.

"म्हंजे गावानं दगा न्हाई दिला?" ताईने हळूच विचारलं.

"जे बोलले ते इथं दिसायलेत," योगिनी म्हणाली. "जे गप्प होते, त्यांना जाऊन विचारावं लागतंय."

दोघी मालनकाकूंकडे गेल्या. ताईने मलाही सोबत घेतलं होतं. काकूंनी चहा ठेवला. त्यांचा फोन दिवसभर मुलाकडेच असतो, हे तिथे कळलं. ताईने धीर करून मताचा विषय काढला.

"तुला न्हाई दिलं," काकू शांतपणे म्हणाल्या. "आमच्या गल्लीचा हातपंप बंद हाय. तुझ्यासमोर उभी राहिलेली बाई येऊन बघून गेली. तुझ्या दारात बोअर, तू आली न्हाईस. म्हणून मी काय तुझी वैरीण झाले व्हय?"

ताई उठली आणि म्हणाली, "चला काकू, पंचायतीत जाऊ."

तिघी निघाल्या, आणि गडबडीत मी काकूंच्या दारातल्या ओट्यावरच राहिलो. गल्लीतल्या बाया तिथे जमून बोलत होत्या. पाण्याचं, पोरांच्या शाळेचं, दवाखान्याचं. यातलं काहीच माझ्यापर्यंत कधी आलं नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला उन्हापाण्यापासून जरूर जपा. आणि आमच्यात ज्यांचं बोलणं येत नाही, त्यांच्या ओट्यावरही जाऊन बसा.