लाल मेणाचा गोळा

"आई, नको ना गं. खोक्यातलं चीज खोक्यातलंच राहू दे," लिगाया म्हणाली.

पुरितानं ऐकलं नाही. ज्या बंगल्यात ती कपडे धुवायला जाई, तिथल्या गेल्या नाताळातल्या चीजच्या महागड्या गोळ्याचं लाल मेणाचं साल तिनं वर्षभर जपून ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही वाट्यांत तिनं खोक्यातलं स्वस्त, मऊ चीज मळून दाबून भरलं आणि कडा मेणबत्तीवर धरून जुळवल्या. लिगायाच्या साखरपुड्यात ती विहिणीला बोलून गेली होती, "आमच्याकडे नाताळाला लाल गोळा असतोच." आता माघार कशी घ्यायची?

दुपारी विहीण रेमेडियोस आणि व्याही अर्तुरो जेवायला आले. गोड स्पॅगेटीवर पुरितानं उरलेलं चीज किसून घातलं होतं. व्याह्यांची नजर मात्र गोळ्यावर.

"विहीणबाई, सुरी आणा. याच्यासाठी सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय."

"तुमचं पोट कधी रिकामं असतं?" म्हणत रेमेडियोसनं बशी जवळ ओढली. गोळा उचलायला गेली तसा तिचा अंगठा मेणासकट आत रुतला.

खरा गोळा दगडासारखा कडक असतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. पुरिताचे कान तापले. लिगाया ताटात बघत राहिली.

रेमेडियोसनं गोळा हलकेच खाली ठेवला आणि अंगठ्याचा खळगा भिंतीकडे वळवला.

"राहू द्या हो. डॉक्टरनं तुम्हाला खारट बंद केलंय. विहीणबाईंना घरी नव्या वर्षाला होईल तो." मग तिनं आपलं ताट पुढे केलं. "विहीणबाई, मला हे किसलेलं वाढा आणखी. हात आखडू नका."

पुरिता वाढत राहिली. विहिणीनं टोमणा मारला असता तर निदान तिला उत्तर देता आलं असतं. तिनं शेवटपर्यंत मान वर केली नाही.

पाहुणे गेल्यावर लिगायानं सुरी आणली. "चल, आपणच खाऊ या. चीज ते चीजच."

"नको. राहू दे आज."

पुरितानं टेबल पुसायला गोळा उचलला. पुसून झाल्यावर परत ठेवला. घरात आता परकं कुणीच नव्हतं. तरी तिनं तो खळगा पुन्हा भिंतीकडे फिरवला.