पत्र्याला गोडं पाणी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत अकोल्याच्या व्यापाऱ्यांना तहान होती ती फक्त मुंबईच्या भावाची. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली, आणि इकडं तारघराच्या ओसरीवर पगड्यांची झुंबड उडाली. गावातल्या विहिरी खाऱ्या, गोड्या पाण्याची एकच विहीर आणि तीही गावाबाहेर लांब, याचं त्यांना काय! त्यांच्या घरी पाणी भरायला गडी होते.

तारघर खुशालरावाच्या हाती होतं. मूळचा अमरावतीचा, कुणब्याचा पोर, पण हिशेबात पक्का. आणि त्याची त्याला जराशी गुर्मीही होती. अमरावतीच्या साहेबानं त्याला गणित शिकवलं होतं. घटांच्या रांगेतून वीज निघते, तिचा जोर आपल्याला ठाऊक असतो. ती वाहते किती, ते सुई दाखवते. जोराला प्रवाहानं भागलं की वाटेतला अडथळा निघतो, आणि जोराला प्रवाहानं गुणलं की विजेची एकूण ताकद. शिवाय साहेबानं बजावलं होतं, घटांत पाणी गोडंच घालायचं. खाऱ्यानं घट बिघडतात.

वैशाखात सुईनं मान टाकली. अमरावतीहून तुटक निरोप आला, तुमचं काही कळत नाही. खुशालरावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं भागाकार केला. घटांचा जोर तोच, प्रवाह निम्मा, म्हणजे अडथळा दुप्पट झाला होता. तार तर धड होती. मग राहिली परतीची वाट. तार एकच असते, वीज परत येते ती जमिनीतून, आणि त्यासाठी तारघरामागं तांब्याचा पत्रा पुरलेला होता. उन्हानं काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पत्रा कोरडा पडला होता.

"त्या पत्र्याले रोज पाणी घालावं लागते," तो घरी येऊन बायकोला म्हणाला.

"आंगणातल्या इहिरीचं घालू का?" जमुनानं विचारलं.

"येडी झाली का तू? घटाले खारं चालत नाई, त पत्र्याले कसं चालन? गोडंच पाह्यजे. तार मुकी झाली त मले काढून टाकतीन."

पत्र्याला गोडं पाणी घाला, असं साहेबानं कधीच सांगितलं नव्हतं. अमरावतीच्या विहिरी गोड्या, तिथं हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. पण खुशालरावाला आपलं उत्तर इतकं सरळ वाटलं, की त्यानं ते पुन्हा तपासलं नाही. विचारणारी बायको होती, हेही एक कारण असावं.

गावाबाहेरच्या गोड्या विहिरीवर घरटी एकच घागर मिळे. जमुना पहाटे जाई, उन्हं तापायच्या आत परत येई. नवऱ्यासाठी लोटाभर काढून ठेवी आणि बाकीचं पाणी पत्र्यावर ओती. सुई थोडी वर येई, पुन्हा पडे. जमुना मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

"काहून वं, बरं नाई वाटत का?" एकदा त्यानं विचारलं.

"उन्हाचं हाय," ती म्हणाली. "तुमी जा. लोकं खोळंबले असतीन."

तो गेला. सुईकडं तो दिवसातून कितीदा तरी पाही. बायकोकडं तसं पाहिलं असतं तर!

एका सकाळी तिला उठवेना. वैद्य आला, पोटात काहीच ठरत नाही म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत जमुना गेली.

जमुनाचे दिवस झाल्यावर शेजारची हलीमाबी भाकरी घेऊन आली. दारातच बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, मी तिले लय समजावलं. तुया पोटाले हे पाणी सोसत नाई, मनलं. पण ते आयके काय! महिनाभर खारंच पेऊन रायली होती. गोडं तुमाले अन् तुमच्या पत्र्याले."

खुशालराव चुलीपाशी गेला. कोपऱ्यात जमुनाचा वेगळा माठ होता, अजून अर्धा भरलेला. त्यानं ओंजळ तोंडाला लावली. पाणी जिभेला झोंबलं. माठ उचलून तो तारघरामागं गेला आणि पत्र्यावरच्या भेगांत त्यानं तो उपडा केला. वैऱ्यावर राग काढावा तसा त्यानं त्या मातीला लाथा घातल्या, मग तिथंच बसून मोठ्यानं रडला.

ओसरीवरून व्यापाऱ्यांच्या हाका येऊ लागल्या तेव्हा तो आत गेला. सुई ताठ उभी होती. सवयीनं त्यानं भागाकार केला, गुणाकार केला. अडथळा निम्म्याच्याही खाली आला होता, ताकद दुपटीच्या वर गेली होती. खाऱ्या पाण्यातून वीज बिनबोभाट वाहत होती. अंगणातली विहीर पुरली असती. रोजची ती घागर जमुनाला पिता आली असती.

यंत्र टकटकलं. अमरावती विचारत होती, आज लख्ख कळतं, काय केलं?

खुशालरावानं कळीवर बोट ठेवलं आणि उत्तर पाठवलं, "जमुनाचं पाणी घातलं."

पलीकडच्याला त्यातलं काही उमगलं नाही. त्यानं कापसाचा भाव पाठवायला घेतला.