दोन अंगुस्तानं

शिलाईयंत्र पायानं चालवून चालवून शिंप्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. सकाळी उठल्यावर दहा पावलं अवघड जात, मग ठीक. दिवसभर यंत्र चालवलं की संध्याकाळी ठणका. पाय लांब करून बसलं की बरं वाटे. सांधेदुखी म्हणजे हीच, अशी त्याची समजूत.

म्हणून काजं करायला येणारी त्याची धाकटी बहीण बोटं दुखतात म्हणाली, तेव्हा त्यानं आपल्या तेलाची बाटली पुढे केली आणि हातांना विश्रांती दे म्हणून बजावलं. वर्षभरात ती उशिरा येऊ लागली. शेवटी अकरा वाजले, तेव्हा गिऱ्हाइकासमोरच तो म्हणाला, "आल्या राणीसाहेब. झोप झाली का?"

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं. तीन आठवडे तो सवयीनं "धाकटे, कात्री" म्हणे आणि मग स्वतःच उठे.

एकदा दोरा शोधताना त्यानं तिचा खण उघडला. आत दोन अंगुस्तानं होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायच्या धातूच्या टोप्या. ती सकाळी मोठं घाली, दुपारनंतर लहान. दागिने बदलतेस का, म्हणून त्यानं थट्टाही केली होती. आता मोठं त्यानं आपल्या जाड बोटात घातलं. सहज बसलं. सकाळी तिची बोटं एवढी सुजत होती आणि काम करता करता सूज उतरत होती. त्याच्या गुडघ्याच्या नेमकं उलट.

कठडा धरत तो तिचे तीन जिने चढला. कडी निघायला बराच वेळ लागला. तिच्या दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजलेले होते, हात लावला तर गरम.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समजावलं. संधिवात दोघांचाही, आणि झेपेल तेवढी हालचाल दोघांनाही हवी. पण त्याच्या गुडघ्यातली गादी झिजली होती. तिच्या सांध्यांवर मात्र शरीराची राखण करणारी ताकदच चुकून उलटली होती. औषधानं ती आवरता येईल. उजवं मधलं बोट मात्र वाकडं झालं ते झालं. लवकर यायला हवं होतं.

महिन्याभरानं ती दुकानात आली, अकराला. लहान अंगुस्तान वाकड्या बोटात जाईना, तेव्हा तिनं ते शेजारच्या बोटात घातलं.

"काज तिरकं आलं तर बोलायचं नाही, दादा."

"नाही बोलणार."

आता तो आठला दुकान उघडतो. अकरापर्यंत कात्री आपली आपणच घेतो.