एका दाबाला एकच आकडा

मी काउंटर बोलतोय. दुकानातलं बिलाचं काउंटर नव्हे हो! मी मुठीत मावणारा, स्टीलचा. अंगठ्यानं दाबलं की टक् करून एक आकडा पुढं जाणारा. बाजूला एक चावी आहे, ती फिरवली की शून्य. एवढंच माझं अंग आणि एवढीच माझी अक्कल. पण एका दाबाला एकच आकडा, हा नेम मी उभ्या जन्मात मोडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याबद्दल भलतंच पसरलंय.

जन्म कुठं झाला ते मला विचारू नका. खोकं उघडलं तेव्हा मी शेंद्र्याच्या एका कंपनीत होतो. तिथं तपासणीला धम्मपाल नावाचा माणूस होता. सुटा भाग उचलायचा, डोळ्यासमोर धरून फिरवायचा, खराब निघाला की त्याला लाल चिठ्ठी बांधायचा आणि मला दाबायचा. नऊ वर्षं मी नुसता खराब माल मोजला. मग तपासायला कॅमेरे आले आणि आम्हा काउंटरांची रवानगी भंगारात झाली. धम्मपालनं साहेबांना विचारून मला तेवढं उचललं. "लई इमानदार आहे हे," म्हणाला. काय फुगलो होतो मी त्या दिवशी!

पुढं त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हा गडी पळायलाच लागला. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग दर रविवारी सकाळी जालना रोडनं शेंद्र्यापर्यंत आणि परत. बायकोला, निशाला म्हणायचा, "पाय पुरतात गं, डोकंच पुरत नाही. तासाभरानं ते कुरतडायला लागतं. घरी चल म्हणतं, कशाला मरतो म्हणतं."

डोक्याला काम द्यायचं म्हणून त्यानं कानात गाणी घालून पाहिली. मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही आणि साहेब रस्त्याकडंच्या चारीत! गुडघे फोडून घरी आला. दुसऱ्या रविवारी त्यानं मला मुठीत घेतलं.

रस्त्याकडंचा विजेचा एक खांब मागं पडला की टक्. शंभर खांब झाले की डोक्याला नवीन काम. पहिल्या शंभरात शाळेतल्या पोरांची नावं, बाकावर बसायची त्याच क्रमानं. दुसऱ्या शंभरात मनातल्या मनात घराला रंग द्यायचा, खोली खोली करून. तिसऱ्यात आईनं लहानपणी सांगितलेली एखादी गोष्ट, शेवटाकडून सुरुवातीकडं. गोष्टीत गुंगला तरी अंगठा चुकायचा नाही आणि मीही चुकायचो नाही. लग्न मोडेल, पण आमची जोडी मोडायची नाही असं मला वाटायचं. खुळा मी!

सोबत इंद्रजीत असायचा. चितेगावच्या शेतकरी घरातला, शेजारच्या कंपनीत नोकरीला. त्याला डोकं गुंतवायला काही लागायचं नाही, तोंड होतं ना! म्हशीपासून मंत्र्यापर्यंत अखंड चालू. धम्मपाल मधूनच "व्हय" म्हणायचा आणि मला दाबायचा. सहा वर्षं हे असं चाललं.

जानेवारीत त्यांच्या धावण्याच्या ग्रुपनं मैदानावर बारा तासांची शर्यत ठेवली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, गोल गोल. चारशे मीटरची एक फेरी. ज्यानं त्यानं आपला मोजणारा आणायचा. दोनशे फेऱ्या म्हणजे ऐंशी किलोमीटर, त्याला पदक. धम्मपालनं मला इंद्रजीतच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "हे घे. मी चुकीन, तू चुकशील, हे चुकणार नाय."

तो मनातही मोजत होताच, डोक्याला तेवढंच काम. दुपारपर्यंत आमच्या दोघांचे आकडे बरोबर जुळत होते. चारनंतर त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. शेवटच्या तासात तो रेषेजवळ मटकन खाली बसला आणि रडायला लागला. "नाय होत रे," म्हणाला. निशा पाणी घेऊन धावली. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि इंद्रजीतचा अंगठा माझ्यावर पडला. टक्. टक्. टक्.

तो खाली बसलेला असताना मी त्याच्या तीन फेऱ्या मोजल्या! ओरडावं तर मला तोंड नाही, अडकावं तर ते माझ्या स्वभावात नाही. त्या क्षणी मला माझ्या इमानदारीचीच लाज वाटली.

तो पुन्हा उठून चालायला लागला. सहा वाजले तेव्हा धम्मपाल लंगडत रेषेवर आला. "किती?"

"दोनशे! झाले भाऊ, झाले!"

"माझ्या मोजणीनं एकशे सत्त्याण्णव होतात."

"उन्हानं डोकं फिरलंय तुझं. हे बघ ना!"

त्यानं मला हातात घेऊन पाहिलं. दोनशे. स्वतःच्या डोक्यापेक्षा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. पदक गळ्यात पडलं, क्रांती चौकात चहा झाला, फोटो निघाले. मी त्याच्या खिशात जळत होतो.

पंधरा दिवसांनी शेंद्र्याच्या रस्त्यावर इंद्रजीत मुका झाला. चार किलोमीटर शब्द नाही. मग एकदम थांबला. "धम्मा, त्या तीन फेऱ्या मी दाबल्या रे. तुझं तोंड बघवत नव्हतं मला. पाया पडतो, ग्रुपवर सांगू नको. पुन्हा कुणी माझ्या हातात काही देणार नाय."

धम्मपाल माघारी वळला. परतीच्या वाटेवर त्यानं मला एकदाही दाबलं नाही. मला वाटलं, आता कळलं त्याला. आता तो मला पुसून घेईल, म्हणेल, तुझी चूक नव्हती गड्या.

संध्याकाळी तो पदक परत द्यायला गेला. खरा माणूस, पदक ठेवणार कसा! ग्रुपच्या प्रमुख दीपमाला मॅडमनी विचारलं, "पण असं झालं कसं?" इंद्रजीत शेजारी मान खाली घालून उभा होता. धम्मपालनं त्याच्याकडं पाहिलं, मग खिशातून मला काढून टेबलावर ठेवलं.

"काउंटर जुनं झालंय, मॅडम. एकदा दाबलं की कधी कधी दोन पडतात."

मॅडमनी रात्रीच्या आत सगळ्यांना कळवलं, जुने काउंटर वापरू नका म्हणून. आणि धम्मपालनं घरी येऊन, ज्या हातानं नऊ वर्षं खराब माल वेगळा केला त्याच हातानं, 'खराब' लिहिलेली लाल चिठ्ठी मला बांधली आणि कपाटाच्या खणात टाकलं. मित्राची अब्रू वाचवली त्यानं. वाचवावी, माझी ना नाही. पण माझी अब्रू घालवून का?

ते दोघं अजून जोडीनं पळतात. इंद्रजीत आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतो म्हणे. पण धम्मपाल दहा किलोमीटरवरूनच माघारी येतो. बोटांवर मोजून पाहतो, विसरतो. "डोकं थाऱ्यावर राहत नाही," एवढंच निशाला सांगतो. साखरही पुन्हा चढली आहे.

परवा निशा खणात सुईदोरा शोधत होती. मी हाताला लागलो. तिनं चिठ्ठी वाचली, चावी फिरवून मला शून्यावर आणलं आणि गंमत म्हणून दाबत बसली. तोंडानं मोजत होती, एक, दोन, तीन... शंभरला थांबली. माझ्यावर शंभर. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आता तरी!

"अहो, हे तर अगदी बरोबर चालतंय की! एकाला एकच पडतंय."

धम्मपाल बुटांची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"माहीत आहे मला. ठेव ते परत."

तिनं ठेवलं. माझ्यावर तो शंभराचा आकडा तसाच आहे, त्या तीन फेऱ्यांसारखाच, कशाचाच नसलेला. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर चिठ्ठी सोडू नका, कुणाला काही सांगू नका. फक्त चावी फिरवून मला शून्यावर आणा.