बिळातला वाटा

काशीबाई पाटलांनी मला बियाण्याचं मूठभर भात दिलं तेव्हा एकच अट घातली. "जितकं नेतीस तितकं तरी परत आण गो. माझ्याकडं दुसरं नाय." मी हसून म्हटलं, "मावशी, मूठ नेते, पोतं आणते." तेव्हा मला असं बोलायची सवय होती.

काशीबाईंचं गाव पेणच्या खाडीकडचं. बाहेरच्या बांधाला खांड पडून खाडीचं पाणी शेतांत शिरलं त्याला बरीच वर्षं झाली. आता तिथे तिवरं माजलीत. मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टवर जातो, तांदूळ दुकानातून येतो. काशीबाईंनी मात्र घरामागच्या दोन वाफ्यांत आपलं जुनं राता भात दर साली थोडं थोडं लावत ठेवलं होतं. तांदूळ तांबडा, लोंबीला बोटभर लांब कुसळ, आणि खारं पाणी मुळाशी आलं तरी मान न टाकणारं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तेही थांबलं. मडक्यात उरलं होतं ते तेवढंच.

मी भातावर संशोधन करते. हवा तापत चालली, खाडीचं पाणी आत सरकत चाललं, अशा वेळी कोणतं भात तग धरेल ते शोधायचं, असं माझं काम. काशीबाईंसारखं भात मी दुसरीकडे कुठेही पाहिलं नव्हतं. खाऱ्या जमिनीत त्याची परीक्षा घ्यायच्या आधी गोड्या पाण्यात बी वाढवायला हवं होतं. त्यासाठी आमच्या केंद्राचं निडीजवळचं शेत होतं. मुठीतल्या दाण्यांपैकी दोनशे रुजले. त्या दोनशे रोपांची मी जेवढी काळजी केली तेवढी सख्ख्या बहिणीच्या बाळंतपणातही केली नव्हती. वरून जाळी, भोवती कुंपण, आणि 'प्रवेश बंद' अशी पाटी.

नवरात्रात पाटीसमोर येसू वाघमारे उभी राहिली. जवळच्या कातकरवाडीतली, चाळिशीची, अंगानं काटक. मागे तिचा नवरा कृष्णा, खांद्यावर पहार.

"बांध उकरायला आलोय," ती म्हणाली.

"कशाला?"

"उंदीर धरायला. दर साली उकरतो."

मी घाटावरची. आमच्याकडे बांध उकरणाऱ्याची गावभर शोभा होते. मी म्हटलं, "इथे संशोधन चाललंय. एक बांध फुटला तर सगळ्या वाफ्यांचं पाणी एक होईल. यंदा नाही." येसूनं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. आमचा राखणदार जगन म्हणाला, "बाई, उकरू द्यायला हवं होतं. बांध परत लिंपून देतात ती." मी त्याला विचारलं, तू कोणत्या विद्यापीठात शिकलास. असले विनोद मला फार सुचायचे.

दिवाळीला चार दिवस साताऱ्याला गेले. भाऊबीज आटोपून रात्रीच्या एसटीनं निघाले ती थेट शेतावर. आसपासची सगळी भातं अजून हिरवी होती. काशीबाईंचं भात हळवं, ते आधी पिकलं होतं. म्हणजे पिकलं असावं. कारण वाफ्यात नुसती काडं उभी होती. कात्रीनं कापावीत तशा लोंब्या गेल्या होत्या, दोनशेच्या दोनशे रोपांच्या. जाळी शाबूत, कुंपण शाबूत, पाटीही शाबूत.

जगन पुटपुटला, "दिवसा पाखरं हाकली, बाई. रात्री कोण बघतो?"

मी बांधावर बसले आणि रडले. माझा प्रबंध, माझा अहवाल, यातलं काही तेव्हा आठवलं नाही, हे खरं सांगते. डोळ्यांसमोर काशीबाईंचं रिकामं मडकं होतं. ते भात आता कुठेच नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

जगन मला न विचारता वाडीत गेला आणि येसू-कृष्णाला घेऊन आला. येसूनं एक तुटकं काड उचललं, टोक बोटानं चाचपलं.

"खाल्लं नाय," ती म्हणाली. "नेलंय."

"म्हणजे?"

"उंदीर खातो किती आन् कापतो किती. आता भरून ठेवायचे दिस हायेत त्याचे." मग ती थांबली. "उकरू का?"

तिनं विचारलं, याचीच मला लाज वाटली. मी मान डोलावली.

येसू बांधावरून टाच आपटत चालली. जिथे आवाज पोकळ आला तिथे कृष्णानं पहार घातली. बिळाचं मागचं तोंड कुठे आहे ते तिला आधीच माहीत असल्यासारखं ती तिथे गवताचा बोळा कोंबून यायची. हातभर खोल गेल्यावर ती म्हणाली, "आता पहार नको. लोंब्या तुटतील." मीही गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती काढू लागले. आत वाटीएवढी कोठी होती, आणि कोठीत लोंब्या, एकीला एक लावून नीट दाबून रचलेल्या. बोटभर लांब कुसळं. मी ती गालाला लावली. टोचली, तरी लावली.

दुपारपर्यंत तीन बांध उकरून झाले. टोपलीभर लोंब्या निघाल्या, कृष्णाच्या पिशवीत रात्रीच्या कालवणाला सहा उंदीर. बांध त्यांनी चिखलानं इतका सफाईदार लिंपला की पाण्याचा थेंब इकडचा तिकडे गेला नसता. मग येसूनं फडकं पसरलं आणि लोंब्यांचे दोन ढीग केले. डोळ्यांनी मापून, पण तराजूत घातले असते तरी फरक पडला नसता.

"ह्यो तुझा. ह्यो आमचा."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. "येसू, हे बी आहे. खायचं भात नाही."

"म्हायत हाय."

"तुला याच्या चौपट दुसरं भात देते. आजचा दोघांचा रोजही देते."

"आम्ही रोजानं नाय आलो. बिळातलं निम्मं उकरणाऱ्याचं. जगनला इचार."

जगन आभाळाकडे बघत म्हणाला, "तसंच हाय, बाई. पहिल्यापासून."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण सकाळपासूनची धास्ती डोक्यात होती आणि मला एकेक दाणा हवा होता. मी म्हटलं, "शेत केंद्राचं, भात केंद्राचं. चोरून बिळात नेलं म्हणून ते तुमचं होत नाही."

मी उंदराबद्दल बोलले होते. पण कातकऱ्यासमोर चोरी हा शब्द काढला की तो कुणाला जाऊन लागतो, हे मला कळायला हवं होतं. कृष्णानं पिशवी उचलली. येसूनं दोन्ही ढीग एक केले, फडक्याची चारही टोकं बांधली, गाठोडं माझ्यापुढे ठेवलं आणि दोघं वाडीच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजरनं पेणला उतरून काशीबाईंचं गाव गाठलं. काशीबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. गाठोडं सोडलं तशी त्यांनी एक लोंबी उचलली, हातावर चोळली, फुंकर मारली आणि तांबडा दाणा दाताखाली धरला.

"तेच हाय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

मी सगळी हकिकत सांगितली. उंदीर, बिळं, येसू. जरा रंगवूनच सांगितली, कारण शेवट गोड झाला होता.

"मग येसूनं किती नेलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी नेऊ दिलं नाही. सगळं तुमच्यासाठी आणलं." शाबासकी मिळेल असं मला खरंच वाटलं होतं.

काशीबाईंनी गाठोड्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "ज्या साली खांड गेली, तवा भात कापायला आलेलं. उधाणाचं पाणी शेतात उभं राहिलं. कणग्या पण भिजल्या. बियाला दाणा नाय उरला कुणाच्या घरी. भिकू कातकरी व्हता आमच्या बांधावर. त्यानं उंच बांधावरची बिळं उकरली. उंदरांनी पाण्याच्या वर भरून ठेवलेलं. निम्मं माझं, निम्मं त्याचं. त्याची पोरं दोन दिस उपाशी, गो. तरी आपलं निम्मं पण माझ्या पदरात घातलंन, बोलला, पेर, पुढल्या साली माझा वाटा दे."

"मग दिलात?"

"पुढल्या साली शेत कुठं व्हतं? तो कुठं कामाला गेला, परत दिसला नाय. म्हणून वाफ्यात लावत राहिले. आला कवा, तर द्यायला असावं."

मला वाटायचं, म्हातारीला जुन्या भाताची माया आहे म्हणून ती ते जपते. माझ्या टिपणवहीत तसं लिहिलेलंही होतं.

काशीबाईंनी स्वतःच्या हातानं निम्म्या लोंब्या वेगळ्या केल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधल्या आणि गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "आजच जा," त्या म्हणाल्या. चहासुद्धा दिला नाही.

निडीला उतरून वाडीत पोचेपर्यंत चार वाजले. वाडीच्या तोंडाशी ट्रक उभा होता. दिवाळी सरली की ही माणसं वीटभट्टीवर जातात, ती मिरगालाच, पावसाच्या तोंडाशी परततात. ट्रकमध्ये टोपली, गोधड्या, कोंबड्या, पोरं चढत होती. येसू खाली उभी राहून एक पत्र्याची पेटी वर सरकवत होती. मी तिच्यापुढे गाठोडं धरलं.

"तुझा वाटा," मी म्हटलं. "काल माझं चुकलं, येसू. फार चुकलं."

तिनं पेटी आधी नीट बसवली. मग गाठोडं घेतलं, गाठ सोडून आत पाहिलं, हातानं तोललं आणि मान डोलावली. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"भट्टीवर कुठं ठेवू ह्ये?" ती म्हणाली. "पोरं शिजवून खातील." तिनं गाठ पुन्हा बांधली, अगदी घट्ट, आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मिरगाला येतो तवा घेईन. डोंगरावर आमची दळी हाय, उताराचं शेत, तिथं टाकून बघू. उंदरापासनं जप."

ट्रक हलला. तिनं मला वचन मागितलं नाही, कागद मागितला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. कालच मी तिच्यासमोर चोरीचा शब्द काढला होता, आणि आज आपलं बी माझ्या हवाली करून ती सात महिन्यांसाठी निघून गेली.