सगळी पोरं बाबांसारखी

“आमच्या फोटोंत वाईट काय होतं, ते कुणीतरी तोंडावर सांगेल का?”

ब्रिटाने हे भर बैठकीत विचारलं, कारण हॅडली आणि मॅरन या तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती की तिची काही हिंमत होणार नाही. हिंमत कसली, यंदा दहावीत गेल्यापासून ती नुसती उतू चालली होती. मुलांच्या बर्फावरच्या हॉकी लीगचं मंडळ रिंकच्या वरच्या खोलीत बसलं होतं आणि नुकतंच त्यांनी हात वर करून यंदाच्या फोटोंचं कंत्राट टेस मॅकीला देऊन टाकलं होतं. ब्रिटाला आठवतंय तेव्हापासून ते तुरुनेन स्टुडिओचं होतं, म्हणजे बाबांचं. बाबा तर बैठकीला आलेही नव्हते. दर वर्षी मिळतं ते मागायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि ही टेस कोण, तर दोन हिवाळे बाबांच्याच हाताखाली दिवे उचलणारी पोरगी. ब्रिटापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी.

अध्यक्ष डाल्ग्रेनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वाईट काहीच नाही गं. पण तुझे बाबा पोरांना हसू देत नाहीत. एक गुडघा बर्फावर, काठी पुढे, तोंड बंद. माझ्या जिन्यात माझ्या तिन्ही मुलांचे फोटो लागलेत. सगळी पोरं तुझ्या बाबांसारखी दिसतात.”

खोलीभर हशा पिकला. मागच्या खुर्चीवर बसलेली टेसही हसली, पण खाली मान घालून, आणि ब्रिटाला तेच जास्त झोंबलं. उघड हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

“पैज जिंकलीस,” जिना उतरताना मॅरन म्हणाली.

“गप्प बस,” ब्रिटा म्हणाली.

त्यानंतर तिला टेसचं काहीच बघवेना. टेसची लाल टोपी, टेसची जुनाट गाडी, त्या गाडीवर नव्याने रंगवलेलं टेसचं नाव. फोटोंच्या शनिवारी ती मुद्दाम रिंकवर गेली आणि कठड्याला रेलून उभी राहिली. मनात एकच इच्छा, हिचं बिघडू दे. बिघडायला जागाही होती. पांढऱ्या बर्फाने कॅमेरा हमखास फसतो, चेहरे काळवंडतात, नवखा माणूस तिथेच मार खातो. टेसने मार खाल्ला नाही. खाईल कशी? त्यावरची युक्ती तिला ब्रिटानेच शिकवली होती, शेजारी बसवून, स्वतःच्या कपातलं अर्धं गरम चॉकलेट देऊन.

टेस बर्फावर चक्क पालथी पडली होती. येईल त्या पोराला एकच सांगायची, “तुला सगळ्यात भारी काय जमतं ते दाखव.”

ब्रिटाचा धाकटा भाऊ ओटो पुढे आला. सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले. बाबांनी त्याला घरून बजावून पाठवलं होतं, खेळाडू दात दाखवत नाही, आणि नसलेले तर नाहीच नाही.

ओटोने विचार केला. “मला पडायला भारी जमतं.”

“मग पड की.”

तो पडला. दोन्ही पाय हवेत, काठी एकीकडे, हातमोजा दुसरीकडे, आणि त्या खिंडारातून सांडणारं हसू. ब्रिटा फसकन हसली. हसली आणि स्वतःवरच भडकली, कारण फोटो कुठल्या क्षणी घ्यायचा ते तिला कळलं होतं आणि नेमक्या त्याच क्षणी टेसच्या कॅमेऱ्याचा आवाज आला होता.

“ब्रिटा,” टेस पडल्या पडल्याच म्हणाली, “ती चंदेरी फळी धर ना जरा, चेहऱ्यांवर उजेड पडेल. माणूस नाही हाताशी.”

“मला काम आहे.”

“हो, दिसतंय.”

ब्रिटा शेवटचा संघ आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली, त्या कामात. हाताला अशी खाज सुटली होती की तिने हात खिशात कोंबून ठेवले.

मग बिल्ले आले. तिथल्या आया पोराच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला कोटावर लावून सामन्याला बसतात. पुढच्या शनिवारी सगळ्या बाकांवर बिल्ल्यांतून पोरं हसत होती, जीभ काढत होती, उड्या मारत होती. ब्रिटाच्या आईचा कोट तेवढा कोरा होता. पण गोल झाला तशी आई उठून ओरडली, कोट उघडला आणि आतल्या अस्तरावर ओटो दिसला, पाय हवेत घेऊन.

“बाबांना सांगू नकोस,” आई म्हणाली. “फार गोड आलाय गं.”

जगाने टेसला निवडावं ते निवडावं, आईनेही?

संध्याकाळी जेवायला ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश होतं, खाली खिमा आणि वर कुरकुरीत झालेल्या बटाट्याच्या गोळ्या. बाबा टेसवर घसरले होते. “पोरखेळ आहे. पुढच्या वर्षी येतील परत आपल्याकडे.”

“नाही येणार,” ब्रिटा म्हणाली. “बाबा, ती चांगलं काढते.”

बाबांचा काटा थांबला.

“तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“माझ्या. मला तिचा इतका हेवा वाटतो की जेवण जात नाही. कठड्याशी उभं राहून जळण्यात काय अर्थ आहे? लांबून काही कळत नाही.” तिने ताट बाजूला सारलं. “आता दर शनिवारी ती सामन्यांचे फोटो काढणार आहे. मी तिच्याकडे कामाला जातेय. फळी धरेन, दिवे उचलेन, सांगेल ते करेन. सगळं शिकून घेईन. आणि पुढच्या वर्षी त्या बैठकीत तिच्याविरुद्ध मी उभी राहणार, माझ्या नावाने. तुम्हालाही उभं राहायचं असेल तर राहा, बाबा, पण मग माझ्याशी गाठ आहे.”